विश्लेषण : ‘गो’ संगणकाला इतका अवघड का गेला? आणि जिंकूनही यंत्राला काय कळले नाही?

मार्च २०१६ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे ‘अल्फागो’ या संगणक प्रोग्रॅमने जगातील अव्वल गो खेळाडूंपैकी एक असलेल्या ली सेडॉल यांना ४-१ असे हरवले. बुद्धिबळात हा टप्पा संगणकाने १९९७ मध्येच गाठला होता. मधल्या १९ वर्षांत संगणकांचा वेग कितीतरी पटींनी वाढला, तरी गोचा पट त्यांना दाद देत नव्हता. याचे कारण विचारले की साधारणपणे एकच उत्तर मिळते : गोमध्ये खेळींच्या शक्यता अफाट आहेत. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. या अपुऱ्या उत्तरातूनच पुढचा गैरसमज जन्माला येतो, की यंत्र जिंकले म्हणजे त्याला खेळ समजला. हा गैरसमज २०२३ मध्ये एका हौशी खेळाडूने पटावरच उघडा पाडला. फोनपासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे अशाच जातीची यंत्रणा वापरात येत असताना गोची ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

गो हा खेळ नेमका काय आहे?

गो चीनमध्ये अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जन्मला. चीनमध्ये त्याला वेइची, कोरियात बादुक आणि जपानमध्ये इगो म्हणतात. जगाने जपानी नावाचे छोटे रूप उचलले. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात. सोंगट्या चौकोनांत ठेवत नाहीत. रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंवर ठेवतात. असे एकूण ३६१ बिंदू. एका खेळाडूकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. काळा सुरुवात करतो आणि मग आळीपाळीने एकेक सोंगटी पटावर येते. एकदा ठेवलेली सोंगटी जागेवरून हलत नाही.

सोंगटीला लागून असलेले रिकामे बिंदू म्हणजे तिचे श्वास. चिनी भाषेत त्यांना ‘ची’, म्हणजे श्वासच म्हणतात. शेजारी-शेजारी असलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्यांचा एक गट बनतो आणि त्यांचे श्वास सामायिक असतात. प्रतिस्पर्ध्याने गटाचे सगळे श्वास कोंडले की तो अख्खा गट पटावरून उचलला जातो. एकच श्वास शिल्लक राहिलेल्या स्थितीला जपानी भाषेत ‘अटारी’ म्हणतात. व्हिडीओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीचे नाव इथूनच आले. डावाच्या शेवटी ज्याच्या ताब्यात पटाचा जास्त भाग, तो विजेता. नियम एवढेच. शाळकरी मुलाला ते तासाभरात शिकवता येतात. चांगले खेळायला मात्र वर्षे जातात.

आकडे किती मोठे आहेत?

बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्या खेळीसाठी २० पर्याय असतात आणि काळ्याला उत्तरासाठी तेवढेच. दोघांची एकेक खेळी झाली की ४०० वेगवेगळ्या वाटा तयार होतात. गोमध्ये पहिल्या खेळीला ३६१ आणि दुसरीला ३६० पर्याय, म्हणजे १ लाख २९ हजार ९६० वाटा. डावाच्या मध्यावर बुद्धिबळात एका वेळी सरासरी ३५ खेळी शक्य असतात, तर गोमध्ये सुमारे २५०. फक्त चार खेळी पुढचे पाहायचे म्हटले तरी बुद्धिबळात सुमारे १५ लाख वाटा तपासाव्या लागतात आणि गोमध्ये जवळपास ३९० कोटी. त्यात गोचा डावही लांब चालतो.

गोच्या पटावर नियमाला धरून एकूण किती स्थिती शक्य आहेत, हा आकडा जॉन ट्रॉम्प या संगणकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये तंतोतंत मोजला. ती १७१ आकडी संख्या आहे. दृश्य विश्वातील सगळ्या अणूंची संख्या साधारण ८१ आकडी मानली जाते. त्यामुळे सगळ्या शक्यता तपासून खेळू, हा मार्ग कोणत्याही संगणकाला, आज किंवा उद्या, उपलब्ध नाही.

मग शक्यतांची संख्या हेच खरे कारण आहे का?

नाही, आणि याचा पुरावा गोच्या छोट्या पटावर आहे. नवशिके ९ बाय ९ रेघांच्या पटावर खेळतात. त्यात ८१ बिंदू असतात. या पटावरील शक्य स्थितींची संख्या ३९ आकडी आहे. बुद्धिबळाच्या स्थितींची संख्या साधारण ४५ आकडी असल्याचा अंदाज आहे. म्हणजे छोट्या पटावरचा गो हा आकड्यांच्या हिशेबात बुद्धिबळापेक्षा लहान खेळ आहे.

संख्या हीच अडचण असती, तर डीप ब्लूने गॅरी कास्पारॉव्ह यांना हरवले त्याच सुमारास छोट्या पटावर संगणकाने माणसाला सहज नमवायला हवे होते. तसे झाले नाही. २००६ सालापर्यंत छोट्या पटावरही संगणक प्रोग्रॅम बऱ्यापैकी हौशी खेळाडूकडून हरत होते. पट आक्रसला तरी अडचण कायम राहिली, याचा अर्थ ती दुसरीकडे कुठेतरी होती.

बुद्धिबळात चाललेली युक्ती गोमध्ये का अडली?

डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. पण नुसते पुढचे पाहून भागत नाही. दहा-बारा खेळींनंतर कुठेतरी थांबून ‘ही स्थिती कोणाला अनुकूल आहे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. बुद्धिबळात हे उत्तर ढोबळमानाने बेरजेने मिळते. प्याद्याचा १ गुण, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९. त्यात राजाची सुरक्षितता, पटाच्या मध्यावरचा ताबा, प्याद्यांची रचना यांचे थोडे गुण मिळवले की बऱ्यापैकी अंदाज येतो. माणसाने हे नियम शब्दांत सांगितले, अभियंत्यांनी ते प्रोग्रॅममध्ये उतरवले आणि यंत्राच्या वेगाने उरलेले काम केले.

गोमध्ये सगळ्या सोंगट्या सारख्या. वजीर नाही, प्यादे नाही. एखाद्या सोंगटीचे मोल तिच्या आजूबाजूला, आणि कधी कधी पटाच्या पार दुसऱ्या टोकाला काय आहे, यावर ठरते. शिडी नावाचा एक साधा डावपेच पाहा. पळणाऱ्या गटाला प्रत्येक खेळीत अटारी देत तिरप्या रेषेत पटभर हाकलत नेतात. वाटेत पळणाऱ्याची एकच जुनी सोंगटी आडवी आली तर सगळा पाठलाग फसतो आणि पाठलाग करणाऱ्याचीच दाणादाण उडते. ती सोंगटी कदाचित ५० खेळींपूर्वी वेगळ्याच कारणासाठी तिथे ठेवलेली असते. मोजून तिचे गुण किती धरायचे?

जिवंत आणि मेलेल्या गटांचे तसेच. चारही बाजूंनी वेढलेल्या गटाच्या पोटात दोन वेगवेगळी रिकामी घरे असतील तर तो कधीच मारता येत नाही. त्या घरांना ‘डोळे’ म्हणतात. पण डाव चालू असताना डोळे पूर्ण झालेले नसतात. ते होण्याची शक्यता असते. मुरलेला खेळाडू गटाकडे एक नजर टाकून ‘हा वाचेल’ किंवा ‘हा गेला’ असे सांगतो. का, असे विचारले तर ‘आकार चांगला आहे’, ‘इथे जीव नाही’ असली उत्तरे मिळतात. ती खोटी नसतात. पण त्यांवरून प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

भाजीत मीठ किती घालायचे, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारले तर ‘अंदाजाने’ असे उत्तर येते. तो अंदाज बरोबर असतो, पण त्याची कृती लिहून देता येत नाही. गोची खरी अडचण हीच होती. माणसाला जे येत होते ते त्याला सांगता येत नव्हते, आणि त्या काळच्या संगणकाला सांगितल्याशिवाय काही करता येत नव्हते.

सुरुवातीचे प्रयत्न कसे फसले?

गो खेळणारे प्रोग्रॅम १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लिहिले जात होते. अमेरिकेतील अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी त्यावर डॉक्टरेटचे काम केले. पुढची तीन दशके साधारण एकच वाट चोखाळली गेली : जाणत्या खेळाडूंकडून नियम, नमुने आणि आकार गोळा करायचे आणि प्रोग्रॅमला शिकवायचे. चीनमध्ये रसायनशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झालेल्या चेन झिशिंग यांच्या ‘हँडटॉक’ने १९९० च्या दशकात संगणकांच्या स्पर्धा गाजवल्या. पण माणसांसमोर तो कच्चाच ठरला. नियम वाढवत नेले की ते एकमेकांशी भांडू लागत. एका ठिकाणची सुधारणा दुसऱ्या ठिकाणी नवी चूक निर्माण करी.

तैवानचे उद्योजक इंग चांग-की यांनी तरुण व्यावसायिक खेळाडूला हरवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचे बक्षीस ठेवले होते. २००० साली त्याची मुदत संपली. बक्षीस कोणाला मिळाले नाही. १९९८ मध्ये मार्टिन म्युलर या संशोधकाने, जो स्वतः चांगला हौशी खेळाडू आहे, त्या काळच्या नावाजलेल्या ‘मेनी फेसेस ऑफ गो’ या प्रोग्रॅमला तब्बल २९ सोंगट्यांची सूट दिली. म्हणजे डाव सुरू होण्यापूर्वीच संगणकाच्या २९ सोंगट्या पटावर होत्या. तरीही म्युलर जिंकले. डीप ब्लूच्या विजयाला तेव्हा एक वर्ष उलटून गेले होते. गोमध्ये संगणक माणसाला हरवायला कदाचित १०० वर्षे लागतील, असा अंदाज १९९७ मध्ये खगोलभौतिकीचे अभ्यासक आणि गोप्रेमी पीट हुट यांनी वर्तवला होता. तेव्हा तो कोणाला अतिशयोक्त वाटला नाही.

पहिली फट कुठे पडली?

शितावरून भाताची परीक्षा, या न्यायाने. २००६ मध्ये फ्रान्सचे रेमी कुलों आणि त्याच सुमारास इतर काही संशोधकांनी स्थितीचे मूल्य ठरवण्याचा नादच सोडून दिला. त्याऐवजी त्या स्थितीपासून पुढे संगणकाने जवळजवळ आंधळेपणाने हजारो डाव शेवटपर्यंत खेळायचे आणि त्यांतले किती जिंकले ते मोजायचे. ज्या खेळीनंतर जास्त डाव जिंकले जातात, तिच्याकडे पुढच्या फेरीत जास्त लक्ष द्यायचे. या पद्धतीला मॉन्टे कार्लो वृक्षशोध म्हणतात.

डावाच्या मध्यावर कोण पुढे आहे हे सांगणे कठीण, पण डाव संपल्यावर जागा मोजणे सोपे. या साध्या गोष्टीचा पुरेपूर उपयोग या युक्तीने केला. परिणाम लगेच दिसला. ऑगस्ट २००८ मध्ये ‘मोगो’ या प्रोग्रॅमने महासंगणकाच्या बळावर किम म्युंगवान या व्यावसायिक खेळाडूला नऊ सोंगट्यांची सूट घेऊन हरवले. २०१३ मध्ये कुलों यांच्या ‘क्रेझी स्टोन’ने जपानचे योशिओ इशिदा यांना चार सोंगट्यांच्या सुटीवर नमवले. पण चार सोंगट्या म्हणजे व्यावसायिक पातळीवर मोठी दरी. ती भरायला आणखी दहा वर्षे लागतील, असे खुद्द कुलों यांनाच २०१४ मध्ये वाटत होते. प्रत्यक्षात दोन वर्षेही लागली नाहीत.

अल्फागोने वेगळे काय केले?

लंडनच्या डीपमाइंड कंपनीने माणसाकडून नियम विचारणे सोडून दिले. त्यांनी चांगल्या खेळाडूंच्या डावांतील सुमारे ३ कोटी स्थिती एका न्यूरल नेटवर्कला दाखवल्या. न्यूरल नेटवर्क म्हणजे लाखो छोट्या गुणकांचे जाळे. प्रत्येक उदाहरणागणिक हे गुणक थोडे थोडे बदलत जातात आणि जाळ्याचे उत्तर बरोबर उत्तराच्या जवळ सरकते. फोनमधील फोटोत चेहरा ओळखणारी यंत्रणाही याच जातीची आहे. माणूस पुढची खेळी कुठे करील, हे त्या जाळ्याला ५७ टक्के वेळा अचूक सांगता येऊ लागले.

मग हे जाळे स्वतःच्याच आवृत्त्यांविरुद्ध लाखो डाव खेळले. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे यंत्रालाही लागू पडले. त्या डावांवरून दुसरे एक जाळे तयार झाले, जे कोणतीही स्थिती पाहून जिंकण्याची शक्यता सांगे. पहिले जाळे विचार करण्याजोग्या मोजक्याच खेळी निवडे, दुसरे स्थितीचा कौल देई आणि कुलों यांची शोधपद्धत या दोघांना जोडे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अल्फागोने युरोपचे विजेते फॅन हुई यांना ५-० असे हरवले. या सामन्यात त्याने डीप ब्लूच्या तुलनेत हजारो पटींनी कमी स्थिती तपासल्या होत्या. म्हणजे शक्यतांचा डोंगर अल्फागोने उपसला नाही. कोणता भाग उपसायचाच नाही, हे तो शिकला. गोची कोंडी वेगाने फुटली असे जे मानले जाते, त्याला हा तपशील छेद देतो.

सोलमध्ये काय घडले?

ली सेडॉल यांच्याविरुद्धच्या दुसऱ्या डावात अल्फागोने ३७वी खेळी काठापासून पाचव्या रेघेवर केली. डावाच्या त्या टप्प्यावर तिसऱ्या आणि चौथ्या रेघेवर खेळावे, हे गोमध्ये पिढ्यान् पिढ्या शिकवले जाते. समालोचकांना आधी सोंगटी चुकीच्या जागी पडली की काय असे वाटले. ली यांनी उत्तर द्यायला दहा मिनिटांहून अधिक वेळ घेतला. माणूस अशी खेळी करण्याची शक्यता दहा हजारांत एक, असे अल्फागोच्याच जाळ्याचे गणित होते. तरीही त्याने ती केली आणि पुढे ती निर्णायक ठरली.

चौथ्या डावात उत्तर आले. ली यांनी ७८वी खेळी पटाच्या मध्यभागी पांढऱ्या सोंगटीची पाचर मारून केली. अल्फागोने ती फारशी जमेस धरलीच नव्हती. तिला अचूक उत्तर होते, हे नंतरच्या विश्लेषणात दिसले. पण त्या क्षणी ते अल्फागोला सापडले नाही. पुढच्या अनेक खेळी तो नवशिक्यासारखा भरकटला आणि हरला. अव्वल यंत्रालाही आंधळे कोपरे असतात, आणि तिथे ते थोडे चुकत नाही, पार कोसळते, याची ती पहिली जाहीर खूण होती. तेव्हा कौतुक ली यांच्या प्रतिभेचे झाले आणि ते योग्यच होते. यंत्राबद्दलची खूण मात्र जल्लोषात मागे पडली.

मग अखेर यंत्राला गो समजला का?

त्यानंतर यंत्राची घोडदौड थांबली नाही. मे २०१७ मध्ये जगातील पहिल्या क्रमांकाचे के जिए ०-३ असे हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेला ‘अल्फागो झिरो’ माणसाचा एकही डाव न पाहता, फक्त नियमांवरून आणि स्वतःशी खेळून तयार झाला होता. तीन दिवसांच्या सरावानंतर त्याने ली यांना हरवणाऱ्या आवृत्तीला १००-० असे धुऊन काढले. पुढे याच पद्धतीवर ‘काटागो’ हा मुक्त प्रोग्रॅम आला. कोणीही तो मोफत उतरवून घेऊ शकतो, आणि तो कोणत्याही माणसापेक्षा वरचढ मानला जातो.

या काटागोवर आधारित प्रोग्रॅमला २०२३ च्या सुरुवातीला केलिन पेल्रिन या अमेरिकी हौशी खेळाडूने १५ पैकी १४ डावांत हरवले. डाव चालू असताना त्याला संगणकाची कोणतीही मदत नव्हती. युक्ती आधीच सापडलेली होती. संशोधकांच्या एका गटाने काटागोच्या उणिवा हुडकण्यासाठीच एक प्रोग्रॅम तयार केला होता. तो काटागोला ९७ टक्क्यांहून अधिक डावांत हरवत होता, तेही गो चांगला खेळून नव्हे, तर काटागोला एका ठरावीक सापळ्यात ओढून. पेल्रिनने तो सापळा समजून घेतला आणि स्वतः लावला.

सापळा असा. यंत्राला आपल्या एका छोट्या गटाभोवती सोंगट्यांचे मोठे कडे करू द्यायचे. मग पटावर इतरत्र खेळत राहून हळूहळू त्या कड्यालाच बाहेरून वेढत आणायचे. कड्याचे श्वास एकेक करून कोंडले जातात आणि यंत्राला धोका दिसत नाही. सगळे श्वास संपत आले तरी आपला गट सुरक्षित आहे, असेच ते धरून चालते. अखेर अख्खे कडे पटावरून उचलले जाते आणि डाव संपतो. गो शिकून काही महिने झालेल्या खेळाडूलाही ‘अरे, वेढा पडतोय’ हे दिसले असते. वेढलेला गट मरतो, हा तर खेळाचा पहिला धडा.

हा धडा जगज्जेत्याहून वरचढ यंत्राला कसा माहीत नाही? कारण तो त्याला कधी ‘धडा’ म्हणून मिळालाच नव्हता. कोट्यवधी स्थितींतून त्याने जे उचलले, ते त्या स्थितींपुरते बरोबर होते. स्वतःशी खेळताना अशी कडी क्वचितच तयार झाली असतील, त्यामुळे त्यांचा न्याय त्याच्या गुणकांत उतरला नाही. माणूस ‘श्वास संपले की गट मेला’ ही कल्पना एकदा समजला की ती सरळ गटाला लावतो, वाकड्याला लावतो आणि गोलालाही लावतो. यंत्राकडे ती कल्पना होती की तिच्यासारखी दिसणारी सवय होती, हा फरक जिंकलेल्या हजारो डावांतून कळण्यासारखा नव्हता. या त्रुटीवर डागडुजी करण्याचे प्रयत्न झाले. २०२४ मधील पुढच्या संशोधनात डागडुजी केलेल्या आवृत्त्याही नव्या सापळ्यांत अडकल्या.

माणसेही चुकतात, मग यंत्रालाच दोष का?

हा आक्षेप रास्त आहे. ली सेडॉल हरले, के जिए हरले. माणसांचेही आंधळे कोपरे असतात. शिवाय यंत्रामुळे खेळाचे भलेही झाले. १९५० ते २०२१ या काळातील व्यावसायिक खेळाडूंच्या ५८ लाख खेळींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्फागोनंतर माणसांच्या खेळींचा दर्जा वाढला आणि ते पूर्वी न पाहिलेल्या खेळी अधिक करू लागले, असे त्यात आढळले. ज्या पाचव्या रेघेवर समालोचक चकित झाले, तसल्या खेळींकडे आज तरुण खेळाडू मोकळ्या मनाने पाहतात.

याची दुसरी बाजूही आहे. ली सेडॉल यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. कितीही प्रयत्न केला तरी ज्याला हरवता येणार नाही असे कोणीतरी आता आहे, ही भावना त्यांनी त्यामागचे एक कारण म्हणून सांगितली. आयुष्य ज्या खेळाला वाहिले त्यातून एक माणूस असा बाहेर पडला. पुढे तीनच वर्षांत त्या ‘अजिंक्य’ जातीच्या यंत्राला एक हौशी खेळाडू डावामागून डाव हरवत होता.

माणसाची चूक आणि यंत्राची चूक यांत एक मोठा फरक आहे. माणूस एकदा कड्यात सापडला की पुढच्या डावात सावध होतो. यंत्र पुन्हा प्रशिक्षण मिळेपर्यंत पंधराव्या डावातही तसेच सापडते. शिवाय एका खेळाडूची उणीव त्याच्यापुरती असते, तर एका प्रोग्रॅमची उणीव त्याच्या प्रत्येक प्रतीत, जगभर, एकाच वेळी असते.

पटाबाहेर याचा काय संबंध?

गो हरला तर फार तर एक डाव जातो. पण ‘सांगता येत नाही, दाखवता येते’ अशी जी जी कामे माणूस करतो, ती आता याच पद्धतीने यंत्राकडे सोपवली जात आहेत. क्षयरोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी छातीचा एक्स-रे वाचणारी सॉफ्टवेअर हे त्याचे जवळचे उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रौढांसाठी त्यांच्या वापराची शिफारस केली आणि भारतातही ती वापरली जातात. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर कित्येक किलोमीटरवर नाही, तिथे असे साधन मोठे काम करते. ते वापरू नये, असे म्हणणे चुकीचे ठरेल. कर्ज कोणाला द्यायचे, कोणता अर्ज संशयास्पद आहे, हेही निर्णय अशाच यंत्रणांच्या साहाय्याने होऊ लागले आहेत.

अशी यंत्रणा विकत घेताना किंवा तिची जाहिरात वाचताना ‘किती टक्के अचूक?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. काटागोने या प्रश्नाचे उत्तर उत्तमच दिले असते. त्याला अडवणारे प्रश्न वेगळे होते. ही यंत्रणा कोणत्या प्रकारच्या प्रकरणांत चुकते? ज्या नमुन्यांवर ती शिकली त्यांपेक्षा वेगळी प्रकरणे मुद्दाम समोर ठेवून, तिला हरवण्याच्या उद्देशाने, कोणी तिची परीक्षा घेतली आहे का? तिने चुकीचा निर्णय दिला तर तो फिरवण्याचा अधिकार असलेला जाणता माणूस जवळ आहे का, की खर्च वाचवण्यासाठी त्याला आधीच घरी पाठवले आहे?

यातला तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. वेढा पडतोय हे पटाकडे पाहणाऱ्या साध्या खेळाडूला दिसत होते. पण यंत्र माणसापेक्षा वरचढ आहे म्हणून पटाकडे पाहणेच सोडून दिले, तर ते दिसणार कोणाला? रुग्णालये, बँका आणि सरकारी कार्यालयांनी अशी यंत्रणा घ्यावी, पण तिला हरवू पाहणाऱ्यांची परीक्षा ही खरेदीची अट असावी, आणि त्या परीक्षेचे निकाल ज्यांच्यावर हे निर्णय लागू होणार त्या लोकांना वाचायला मिळावेत. काटागोचे दोष सापडले, कारण तो सर्वांना खुला होता. कोणीही तो उतरवून घेऊन त्याच्याशी हवे तेवढे डाव खेळू शकत होते. बंद दाराआड चालणाऱ्या यंत्रणांची तशी तपासणी करायला बाहेरच्यांना फारसा वाव नसतो.